पालकांविना प्रवास : कोणाचा आणि कशासाठी?

परवा यावलच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने तावातावाने सांगितले की, शहरातील सधन घरांची सोळा-सतरा वर्षांची काही मुले, सोबत एकही वडीलधारे माणूस न घेता, स्वित्झर्लंडला स्कीइंगसाठी गेली. ‘चंगळवाद!’ असा उद्गार निघाला, माना डोलल्या आणि विषय संपला. माझ्या मते विषय तेथेच सुरू होतो.

प्रथम अर्थकारण पाहू. रिझर्व्ह बँकेच्या २००४ पासूनच्या योजनेनुसार देशातील प्रत्येक रहिवासी आज वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकतो. या सवलतीला अल्पवयीन मुलेही पात्र आहेत. २०२३-२४ साली या वाटेने सुमारे ३२ अब्ज डॉलर देशाबाहेर गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक प्रवासापोटी. आखातात राबणारा मजूर जे परकीय चलन घरी धाडतो, त्याचा विनियोग कोण करतो, हा प्रश्न रास्तच आहे.

परंतु मुले एकटी गेली, याचा राग कशासाठी? पालकांविना प्रवास खानदेशाला नवा नाही. शाळा सुटलेली आमची मुले भुसावळला गाडीत बसून सुरतेला कामाला जातात, तेव्हा त्यांच्यासोबत कोण असते? फार तर मुकादम! परदेशी जाणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या व्हिसासाठी आईवडिलांची लेखी संमती लागते. सुरतेला जाणाऱ्याला कोणी काही विचारीत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतरही बालकामगार कायदा चौदा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला केवळ धोकादायक धंद्यांपासूनच दूर ठेवतो. म्हणजे सोळाव्या वर्षी एक मुलगा आनंदासाठी घर सोडतो, दुसरा मजुरीसाठी. विषमता आहे ती येथे.

आणि मुलींचे काय? ग्रामीण विद्यार्थिनीला एस.टी.चा मोफत पास मिळतो. तो घर ते शाळा एवढाच. मैत्रिणींबरोबर सातपुड्यात दोन दिवस हिंडून येते, असे ती म्हणाली, तर आपल्यातील किती समाजवादी बाप ‘जा’ म्हणतील?

डिसेंबर १९३६ मध्ये याच यावल तालुक्यात, फैजपूरला, काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम मंजूर झाला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये समाजवादी नेतृत्वाखालील पॉप्युलर फ्रंट सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. त्या सरकारातील समाजवादी लेओ लाग्रांज यांनी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत मिळवून दिली आणि युवक वसतिगृहांच्या चळवळीला बळ दिले. गिरण्या-कारखान्यांतील तरुण-तरुणी स्वतःच्या पायांनी डोंगरात आणि समुद्रावर पोहोचली. पुढे १९५३ साली पॅरिसलगतच्या वान्व्ह येथील शाळेचा एक वर्ग शिक्षकासह बर्फाळ डोंगरात नेण्यात आला. सकाळी अभ्यास, दुपारी स्कीइंग! त्या समाजवाद्यांनी श्रीमंतांच्या खेळाला नुसती नावे ठेवली नाहीत; त्याचे दार श्रमिकांच्या मुलांसाठी उघडायला लावले.

आपण मात्र विरंगुळा हा विषय बाजाराला आंदण दिला. भाकरीची लढाई संपल्यावर आनंदाचे पाहू, असे म्हणता म्हणता दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पंधरा ते अठरा वयाच्या प्रत्येक मुलामुलीला सुट्टीत राज्यभर चालणारा एस.टी. पास मिळावा. प्रत्येक तालुक्यात स्वस्त आणि सुरक्षित युवक वसतिगृह असावे, मुलींना तेथे निर्धास्त राहता यावे. गुलमर्गला सरकारी स्कीइंग संस्था आहे. तेथे आदिवासी आणि शेतमजुरांच्या मुलांना शासकीय खर्चाने पाठवावे. आणि आपल्या शिबिरांतही दोन दिवस असे ठेवावेत की, वाट, खर्च आणि स्वयंपाक मुलेच ठरवतील. शिट्टी वाजवणारे ज्येष्ठ घरी बसतील.

बर्फावर घसरणाऱ्या त्या मुलांशी माझे भांडण नाही. त्यांना मिळालेला मोकळेपणा विकत घ्यावा लागतो, या व्यवस्थेशी आहे. पुढील जिल्हा बैठकीत हा ठराव मांडण्याचे धाडस कोण करणार?