वाटेवरचे सुख

महाड-पोलादपूरच्या माणसाला प्रवास नवा नाही. डोंगरवाडीतून मुंबईला गेलेला चाकरमानी, पलटणीत भरती झालेला शिपाई, गिरणीत राबलेला बाप; आपल्या कित्येक पिढ्यांचे आयुष्य वाटेवरच गेले. परंतु हे सारे प्रवास पोटासाठी होते. स्वतःच्या मनाला पडलेल्या प्रश्नासाठी कोणी घराबाहेर पडले, असे आपल्याकडे क्वचितच ऐकू येते. आणि आले, तर ते कौतुकाने सांगितले जात नाही.

म्हणूनच धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ आमच्या वसतिगृहातील वरच्या वर्गांनी वाचावे, असे आम्हांस वाटते. रूढ अर्थाने ते आत्मकथन. पण त्याचा मोठा भाग प्रवासाने व्यापला आहे. गोव्यात १८७६ साली जन्मलेला, शालेय शिक्षण धड न झालेला, नारळीच्या बागायतीत अडकलेला हा तरुण एका बालमासिकात आलेले छोटेसे बुद्धचरित्र वाचतो आणि त्याला दुसरे काही सुचेनासे होते. १८९९ साली तो घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी अशी त्याची वाट. काशीत अन्नछत्रात जेवून तो संस्कृत शिकतो. बौद्ध धर्म प्रत्यक्ष पाहावा म्हणून मोठ्या कष्टाने नेपाळ गाठतो, आणि तेथे पदरी निराशा येते. तरी तो थांबत नाही. सिंहलद्वीपातील विद्योदय परिवेणात पाली शिकतो, ब्रह्मदेशात जातो. पुढे हाच मनुष्य हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम करतो आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवतो.

नेपाळची ती निराशा आम्हांस पुस्तकाचा गाभा वाटते. सहलींच्या जाहिरातींत सुख ठरलेल्या मुक्कामी हात जोडून उभे असते. येथे तसे नाही. शोधायला निघालेल्याला चुकीच्या गावीही जावे लागते, आणि तेथून माघारी फिरण्यात लाज नसते. दहावीच्या निकालाने आयुष्याचा हिशेब लावणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे.

‘पुस्तके वाचून पोर भरकटेल’ हे पालकांचे भय आम्ही खोटे मानत नाही. कोसंबींनी घर सोडले तेव्हा मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्या माउलीने ती वर्षे कशी काढली, याचे निवेदन तिच्या लेखणीतून उतरले नाही. हेही वर्गात बोलले गेले पाहिजे. आमच्या मुली तो प्रश्न विचारतीलच. त्यांना विचारू द्यावा, आणि घाईने उत्तर देऊ नये.

या पुस्तकाच्या शेजारी दुसरा एक प्रवास ठेवावा. मसूर स्थानकापासून गोरेगावपर्यंतचा १९०१ सालचा बैलगाडीचा प्रवास बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहिला आहे. दुप्पट भाडे मिळत असूनही गाडीवान त्या मुलांबरोबर गाडीत बसेना. गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचे, असे ठरले. शिदोरी जवळ होती, पण प्यायला पाणी मिळाले नाही. चवदार तळ्याच्या गावात राहणाऱ्यांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको. मनाजोगे हिंडावे, वाटेत कोठेही पाणी प्यावे, आवडेल तेथे थांबावे, ही आपल्या मुलांसाठी चैन नव्हे. १९२७ साली जे मागितले गेले, त्याचाच तो भाग आहे.

यासाठी फार दूर जावे लागते असेही नाही. गांधारपाल्याची लेणी महामार्गालगतच आहेत. वर्गाची सहल तेथे जाते, छायाचित्र निघते, डबे उघडले जातात आणि गाडी परत फिरते. हिंडत्या भिक्खूंनी मुक्काम करावा म्हणून कोरलेल्या त्या खोल्यांत मुलांना एक अख्खा दिवस बसू द्यावे, आणि जे दिसले-सुचले ते लिहू द्यावे.

माजी विद्यार्थ्यांनाही आमची विनंती आहे. आपल्यापैकी कोणी मुंबईत आहेत, कोणी आखाती देशांत, कोणी सैन्यात. कोणत्या वाटेने गेलात, कोठे मन रमले आणि कोठून परतलात, ते चार-पाच पानांत लिहून शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये. ते आम्ही पाहू.