एकादशीला बटाटा चालतो

माझ्या भाच्याला परवा इतिहासाच्या चाचणीत एका प्रश्नाला भोपळा मिळाला. प्रश्न : अमेरिकेचा शोध कोणी लावला? पोरानं लिहिलं, तिथं राहणाऱ्या लोकांनी. बाईंनी लाल शाईनं फुली मारली. धाकटी बहीण माझ्यावरच उखडली, "दादा, तुझ्या नादानं पोरगं वाया चाललंय. कोलंबस लिहिलं असतं तर काय तुझा जीव गेला असता?"

माझा गेला नसता. ज्यांचा गेला त्यांच्याबद्दल लिहितोय.

१२ ऑक्टोबर १४९२ ला कोलंबस तीन गलबतं घेऊन एका बेटाला लागला. निघाला होता आपल्या बाजूला यायला, सोन्याच्या आणि मसाल्याच्या वासानं. चुकला. चुकलेल्या माणसानं वाट विचारावी, तर यानं समोरच्यांनाच नाव ठेवलं : इंडियन. पहिल्या दोन-चार दिवसांतच त्यानं रोजनिशीत नोंद केली की ही माणसं चाकरीला चांगली आहेत, पन्नास शिपायांत सगळी ताब्यात येतील. १४९५ साली साडेपाचशेच्या आसपास माणसं जहाजांत कोंबून स्पेनला विकायला पाठवली. त्यातली दोनेकशे वाटेतच मेली. हिस्पानिओला बेटावर हुकूम निघाला : चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं दर तीन महिन्यांनी घुंगरूभर सोनं आणून द्यायचं. नद्यांत तेवढं सोनं नव्हतंच. तायनो म्हणतात त्या लोकांना. पन्नासेक वर्षांत ते जवळजवळ संपले, तलवारीनं, खाणीतल्या राबणुकीनं, उपासमारीनं आणि देवीच्या साथीनं.

१५१३ पासून तर स्पॅनिश शिपाई हल्ल्याआधी एक फर्मान वाचायचे. पोपनं ही जमीन आमच्या राजाला दिलेली आहे, शरण या, नाहीतर बायकापोरांसकट गुलाम करू आणि दोष तुमचाच राहील. हे सगळं स्पॅनिशमध्ये. कधी रिकाम्या झोपड्यांपुढं, कधी गलबतावरनंच. ज्याला गाडायचं त्याला न कळणाऱ्या भाषेत कायदा वाचायचा, ही विद्या आम्हाला नवी नाही.

आता कोल्हापुरात येऊ. कॉलेजात असताना एका दोस्ताच्या घरी आषाढी एकादशीला गेलो होतो. घर कुठल्या पेठेतलं ते सोडा. त्याच्या आईनं प्रेमानं खिचडी वाढली. सगळ्यांना ताटात, मला पत्रावळीवर. पाणी वरनं ओतलं. माउली वाईट नव्हती. उपास होता, सोवळं होतं, एवढंच.

त्या पत्रावळीवर काय होतं बघा. साबुदाणा होतो ज्या कंदापासून, तो कसावा दक्षिण अमेरिकेतल्या लोकांचा. त्याच्या कडू जातीत जहर असतं, तसाच खाल्ला तर माणूस मरतो. तो किसायचा, पिळायचा, भाजायचा, म्हणजे जहर जातं, हे तिथल्या बायकांनी शोधून काढलं. याला म्हणतात शोध! शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरचीही तिकडचीच, तांबड्या रश्श्याची आमची सगळी मिजास पोर्तुगीज गलबतातनं उतरलेली. बाजूला राजगिऱ्याचा लाडू होता. त्याचं पीठ मळून मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक आपल्या देवांच्या मूर्ती करायचे, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांनी ते बंद पाडलं. आणि बटाटा! पीक अँडीजच्या डोंगरातलं, शब्द तायनोंचा. त्यांचा 'बटाटा' म्हणजे आपलं रताळं. पोर्तुगीजांच्या तोंडातनं फिरत फिरत तो आपल्याकडं आला. ज्यांची भाषा मारली त्यांचा शब्द लक्ष्मीपुरीत गाडीवाला रोज ओरडतोय, आणि ते ना त्याला ठाऊक, ना गिऱ्हाइकाला.

म्हणजे सात समुद्र ओलांडून, म्लेंच्छांच्या हातनं आलेलं सगळं सोवळ्यात चाललं. कुठल्या शास्त्रीबुवांनी त्याला प्रायश्चित्त दिलं? आणि याच गावात हौदाला हात लावला म्हणून गंगाराम कांबळेंनी मार खाल्ला. त्यांनी हॉटेल काढलं तर त्यांच्या हातचा चहा प्यायला शाहू महाराजांना स्वतः गाडी थांबवावी लागली. बटाट्यासाठी कुणा राजाला गाडी थांबवावी लागली नाही.

आता आपल्यातलं भांडण. चळवळीतली काही पोरं म्हणतात, आपण म्हणजे इथले रेड इंडियन. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'च्या प्रस्तावनेत युरोपियनांचे तिकडचे जुलूम आणि आर्यांचे इकडचे शेजारी ठेवले होते, हे खरं. पण बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये आर्य वंशाच्या स्वारीचा सिद्धांत पुराव्यानिशी खोडला, हेही खरंच. दोस्तांनो, एकाचंच वाचून घोषणा देऊ नका. मला फरक दिसतो तो असा. तिकडं राबवून मारलं, आणि मेले तेव्हा आफ्रिकेतनं दुसरे धरून आणले. इकडं मरू दिलं नाही. मेलेलं ढोर ओढायला, सांगावा न्यायला माणूस लागतो, म्हणून वेशीबाहेर जिवंत ठेवलं. आणि ठेवणारा गलबतातनं आलेला नव्हता, आमच्याच बोलीत शिव्या देत होता.

त्यांच्याकडनं घ्यायचंच तर हे घ्या. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्यांच्या पोरांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळचं अल्काट्राझ हे ओसाड तुरुंगाचं बेट ताब्यात घेतलं. जाहीर केलं, आम्ही 'शोधाच्या हक्का'नं हे बेट घेतोय. किंमत चोवीस डॉलर, काचेच्या मण्यांत आणि तांबड्या कापडात! एकोणीस महिने ठिय्या दिला. १९७२ साली आपल्या पँथरनं काळ्यांकडनं नाव घेतलं, यांच्याकडनं हे हसणं घ्यायचं राहून गेलं.

हे सगळं बहिणीला ऐकवलं. ती म्हणाली, "बाबासाहेब १९१३ ला कोलंबिया विद्यापीठात गेले. ते नाव कुणावरनं पडलं?"

कोलंबसावरनंच. मी म्हणालो, पण तिथं बसून त्यांनी ९ मे १९१६ ला जातीवरचा निबंध वाचला, भल्याभल्या पंडितांच्या व्याख्या खोडून.

"तवर त्यांची एम.ए. झाली होती," ती म्हणाली. "ह्याला अजून आठवी काढायचीय."

भाचा दोघांच्या तोंडाकडं बघत बसला होता. पुढची चाचणी दिवाळीनंतर आहे.