बोनस कुणाचा, चिखल कुणाचा?

अष्टमीहून कुंडलिकेचा पूल ओलांडून कॉलेजला येत असाल, तर भातखाचरं तुमच्या रोजच्या बघण्यातली. कधी विचारलंय का, ती लावतं कोण?

२०२४-२५ च्या खरिपात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. वर राज्याने हेक्टरी २० हजारांचा बोनस जाहीर केला, दोन हेक्टरपर्यंत. नोंदणीला सातबारा लागतो. आणि गोची तिथेच आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव मुंबईतल्या काकांचं, चिखलात पाय दुसऱ्याचेच. करार तोंडी. कागदावर हा कसणारा नाहीच, मग बोनस मिळणार कुणाला? (ज्याची स्वतःची दहा गुंठे आहेत, त्याला मिळून मिळून दोन हजार. लावणीची मजुरी किती, ते घरी विचारा.)

करार लिहून का देत नाहीत? कूळ लागेल म्हणून. याच जिल्ह्यात चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप करून जमिनी ओसाड ठेवल्या. १९४८ चा कूळ कायदा त्यानंतरचा. कसणाऱ्यासाठी झालेल्या त्याच कायद्याच्या धास्तीने आज कसणारा लपवला जातो! मालकाची भीती मला खोटी वाटत नाही. म्हणून म्हणतो, ई-पीक पाहणीत कसणाऱ्याची वेगळी नोंद घ्या, त्या नोंदीवरून कूळहक्क लागणार नाही असं कायद्यात लिहा, आणि बोनस त्याच्या खात्यात टाका.

यंदा पीक पाहणीच्या वेळी बांधावर जा. मोबाइल कुणाच्या हातात आणि विळा कुणाच्या, बघून या.