तिकिटावरचे पावणेतीन तास

घाटकोपरच्या आमच्या खाला उमऱ्याला निघाल्या. तिकीट आलं, तसं त्यांनी चष्मा लावून वाचलं. मुंबईहून सुटणार सकाळी 10.15, जेद्दाला पोहोचणार दुपारी 1 वाजता. "पावणेतीन तास! अगं, चिपळूणला जायला याहून जास्त लागतात," असं म्हणत त्यांनी इन्सुलिन सरळ मोठ्या बॅगेत भरलं.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे चालतं. तेव्हा पावणेतीन अधिक अडीच, म्हणजे सव्वापाच तास. मुंबई-जेद्दा हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे, एवढा वेळ लागणारच. परतीला उलटा घोळ होतो. दुपारी 2.30 ला निघालेलं विमान रात्री 10 ला सहारला उतरतं. वाटतात साडेसात तास, असतात पाच.

पण खालांची साखर काही विमानाच्या तासांवर चालत नाही. घाटकोपर ते सहार अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर, तरी ट्रॅफिकचा भरवसा नाही. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे सहालाच घर सोडायचं. तिकडे इमिग्रेशनची रांग, सामान, मग मक्का आणखी ऐंशी किलोमीटर. मी बोटांवर मोजून दाखवलं : दारापासून हॉटेलच्या खोलीपर्यंत बारा-तेरा तास. मधलं जेवण आणि डोस दोन्ही प्रवासातच येणार. सामानाच्या कप्प्यात थंडीनं इन्सुलिन गोठू शकतं आणि एकदा गोठलं की ते वापरू नये. म्हणून ते हातातल्या पर्समध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवायचं. डोस कोणत्या घड्याळानं घ्यायचा, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यायचं.

आमच्या दादांच्या पिढीला ही कटकट नव्हती, दुसऱ्या होत्या. 1995 पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजं जात. 'अकबरी' हे नाव अजून कित्येक घरांत निघतं. सागरी अंतर 2,300 नॉटिकल मैल, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरांहून थोडं जास्तच. एडनला वळसा घालून तांबड्या समुद्रात शिरायचं, जुन्या जहाजांना 12 ते 15 दिवस लागत. उलट्यांनी जीव नकोसा व्हायचा, पण अडीच तासांचा फरक अंगाला हळूहळू सोसायचा.

रोजा ठेवून जाणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं. पश्चिमेला जाताना आपण सूर्याच्या मागे धावतो. मुंबईत सहरी करून जेद्दात इफ्तार केला, तर रोजा सव्वादोन तासांच्या आसपास लांबतो. आणि इहराम! बहुतेक उलमांच्या मते जेद्दा मीकातच्या आत येतं, तेव्हा नियत विमानातच व्हायला हवी. उतरण्याच्या अर्धा तास आधी सहसा घोषणा होते. पण डोळा लागला तर? आमच्याकडे पुरुषमंडळी इहरामच्या चादरी घरूनच नेसून निघतात, नियत तेवढी वर करतात. मला तेच बरं वाटतं.

खालांनी सगळं ऐकून घेतलं. बॅग पुन्हा उघडली, इन्सुलिन पर्समध्ये गेलं, सोबत खजूर आणि बिस्किटांचा पुडा. मग कपाटातून मरहूम खालूंचं जुनं घड्याळ काढलं.

"हे मुंबईच्या वेळेवरच राहू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथं जेवायला बसलात की मला कळेल."