आठ पैशांची गोष्ट

इस्लापूरकडून निघालेली गाडी किनवट मागे टाकून आदिलाबादला पोचते. मधे राज्य बदलतं आणि वाचनालयाचा हिशेबही बदलतो. तिकडे तेलंगणात घरपट्टीच्या रुपयामागे 8 पैसे ग्रंथालय कर म्हणून वेगळे निघतात. आपल्याकडे महाराष्ट्रात 1967चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्यात असा कर मात्र नाही.

मग चालतं कसं? गावातल्या चार जणांनी संस्था काढायची, पुस्तकं जमवायची, मान्यता मिळवायची आणि अ, ब, क, ड यांपैकी ज्या वर्गात बसेल त्याप्रमाणे अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहायची. सायंकाळी कुलूप उघडणारा, पेपरांना दांडी लावणारा, देवघेवीच्या वहीत नाव लिहिणारा माणूस एकच असतो, आणि तो सरकारी नोकर नसतो.

खेळाचंही फार वेगळं नाही. क्रीडासंकुलाची योजना तालुक्यापर्यंत येऊन थांबते, म्हणजे इस्लापूरकरांसाठी किनवटपर्यंत. व्यायामशाळेला, मैदानाला अनुदान आहे. पण त्यासाठी प्रस्ताव लागतो, जागेचा उतारा लागतो. कबड्डीच्या पोरांकडे असते ती चुन्याची पिशवी!

राज्यघटनेच्या राज्यसूचीत ग्रंथालयं 12व्या नोंदीत आहेत, खेळ 33व्या. दोन्ही राज्याच्याच पदरात. तरी खाती वेगळी, अर्ज वेगळे, शिक्के वेगळे. सकाळी मैदानावर आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकावर दिसणारा मुलगा मात्र एकच, बऱ्याचदा पोलीस भरतीची तयारी करणारा. त्याला एकाच आवारात धावपट्टी आणि वाचनाची खोली देणारी योजना कुणीतरी मांडायला हवी.