तज्ज्ञाचा कागद म्हणजे निकाल नव्हे

लैंगिक अत्याचाराच्या कुठल्याही बातमीत हल्ली दोन शब्द हमखास येतात. एक ‘मेडिकल’ आणि दुसरा ‘डीएनए’. ‘मेडिकलमध्ये काहीच निघालं नाही’ असं कानावर आलं की मोहल्ल्यात कुजबुज सुरू होते, मुलगी खोटं बोलत असेल. ‘डीएनए मॅच झाला’ असं कळलं की दुसरी कुजबुज, आता खटला कशाला, सरळ फाशी द्या. दोन्ही वेळा आपण एक कागद न वाचता निकाल देऊन मोकळे होतो.

हा विषय आज महत्त्वाचा झाला आहे, कारण कायदाच बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे पुढच्या काळात कोर्टात साक्षीदारापेक्षा प्रयोगशाळेचा कागद जास्त बोलणार. चांगली गोष्ट आहे. पण तो कागद कोणी लिहिला, कसा लिहिला आणि त्याला प्रश्न कोण विचारणार, हे ठरलं नाही तर हाच कागद पीडितेवरही उलटतो आणि निर्दोष माणसावरही.

मत आणि निकाल यातला फरक

डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ कोर्टात येतो तो मत देण्यासाठी. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ४५ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे. तज्ज्ञाचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नसतं. मत कशाच्या आधारावर दिलं, ते कोर्टाने तपासायचं असतं.

साधी गोष्ट आहे. डीएनए फार तर एवढं सांगतो की नमुना कोणाच्या शरीरातला आहे. मुलीची संमती होती की नव्हती, हे तो सांगत नाही. नमुना वाटेत बदलला का, खराब झाला का, हेही तो स्वतःहून सांगत नाही. तसंच शरीरावर जखमा नसणे म्हणजे अत्याचार झाला नाही, असंही नाही. भीतीने माणूस गोठून जातो, आणि तपासणीला उशीर झाला तर खुणा राहत नाहीत. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर फक्त तिच्यावर शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे.

तज्ज्ञच चुकतो तेव्हा

याचं सर्वात जुनं आणि कडू उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. देश तिला ‘मथुरा’ या नावाने ओळखतो. डॉक्टरच्या अहवालात काय होतं? अंगावर जखमा नाहीत, आणि तिच्या आधीच्या शारीरिक संबंधांबद्दलचे शेरे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि जखमा नसणे हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

पण डॉक्टरांची ती पद्धत, ‘टू फिंगर टेस्ट’, चालूच राहिली. तिला शास्त्राचा काही आधार नाही, हे सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अभ्यास करून मांडलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी स्त्रीच्या सन्मानाविरुद्ध ठरवली. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ती न करण्याच्या सूचना दिल्या. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी असेल. पन्नास वर्षं एक चुकीची समजूत ‘तज्ज्ञाचं मत’ म्हणून कोर्टात जात राहिली.

तिथे अज्ञान आणि पूर्वग्रह होता. बिल्किस बानो यांच्या खटल्यात त्याहून वाईट घडलं. २००२ मध्ये गुजरातमध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि कुटुंबातल्या माणसांची कत्तल झाली. स्थानिक पोलिसांनी प्रकरण बंद केलं. नंतर सीबीआयने तपास केला, पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला मुंबईला हलवला आणि जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप दिली. मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. शिवाय खालच्या कोर्टाने सोडलेले पाच पोलीस आणि दोन डॉक्टर यांनाही दोषी ठरवलं. डॉक्टरांचा गुन्हा शवविच्छेदनाच्या कामातला होता. ज्याच्या सहीवर कोर्ट विश्वास ठेवणार, तोच मजलूमच्या विरोधात उभा राहिला होता.

या खटल्यात आरोपींना वकील मिळाले, उलटतपासणी झाली, अपील झाली. सगळं रीतसर झालं आणि वर्षं लागली. पण म्हणूनच तो निकाल उच्च न्यायालयात टिकला.

घाई कोणाच्या फायद्याची?

आता दुसरी बाजू पाहू. भुसावळहून गाडीत बसलं की काही तासांत खांडवा येतं. तिथे जानेवारी २०१३ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. दिल्लीची डिसेंबर २०१२ ची घटना ताजी होती, देश संतापलेला होता. एका गरीब तरुणाला अटक झाली. १९ फेब्रुवारीला आरोप निश्चित झाले, त्याच दिवशी त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला, आणि ४ मार्चला फाशीची शिक्षा. दोन आठवडेसुद्धा लागले नाहीत.

वकिलाला कागद वाचायलाही वेळ नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस मिळावेत, आणि वकील दहा वर्षांच्या अनुभवाचा असावा, असंही बजावलं. २०२२ मध्ये खांडव्यात पुन्हा फाशी झाली. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण डीएनए अहवाल देणाऱ्या शास्त्रज्ञाला कोर्टात बोलावून प्रश्नच विचारले गेले नव्हते. ते झाल्यावर शास्त्रीय पुरावा त्या तरुणाविरुद्ध उभा राहत नाही, हे दिसलं. मार्च २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षं तुरुंगात गेली.

त्या मुलीच्या आई-वडिलांचा विचार करा. अकरा वर्षं त्यांना वाटत होतं, गुन्हेगार सापडला. घाईने आरोपीचं नुकसान झालंच. पण खरा गुन्हेगार कोण, हा प्रश्नही त्याच घाईत हरवला.

दिल्लीतल्या छावला प्रकरणात तेच दुसऱ्या रीतीने घडलं. २०१२ मध्ये १९ वर्षांच्या मुलीला पळवून तिच्यावर अत्याचार झाला, खून झाला. खालच्या दोन्ही कोर्टांनी तिघांना फाशी दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं. कारणं? नमुने घेतल्यावर ते कित्येक दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते. डीएनएचा निष्कर्ष कशावरून काढला, हे खालच्या कोर्टांनी तपासलं नाही. ४९ साक्षीदारांपैकी दहा महत्त्वाच्या साक्षीदारांची उलटतपासणीच झाली नाही. लोक म्हणाले, कोर्टाने गुन्हेगार सोडले. पण दोष शोधायचा तर आधी त्या मालखान्यात शोधायला हवा.

जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर देशभरासाठी निर्देश दिले. डीएनए नमुने घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत, आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद शेवटपर्यंत ठेवली पाहिजे.

बदलापूरचा सवाल

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराने आपण सगळे हादरलो. लोक रेल्वे रुळावर उतरले. शिक्षक म्हणून सांगतो, त्यानंतरच्या पालकसभेत प्रत्येक आईच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता. पण २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि अनेकांनी पेढे वाटले.

नंतरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांच्या सांगण्यावर शंका घेतली गेली. त्यातही तज्ज्ञांचाच पुरावा होता, कारण पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे आढळले नाहीत. आता त्याच्यावर खटला चालणार नाही. त्या मुलींच्या बाजूचा पुरावा त्याच्यासमोर कोर्टात कधी सिद्ध होणार नाही. इन्साफ झाला म्हणायचं, पण कोणत्या कोर्टात?

घरातल्यांनी लक्षात ठेवायचं

अत्याचार आपल्या घरात झाला तर पहिले काही तास फार मोलाचे असतात.

- अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे सुकवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको.
- थेट दवाखान्यात जाता येतं, आधी एफआयआर हवाच असं नाही. सरकारी असो की खासगी, प्राथमिक उपचार मोफत देणं कायद्याने बंधनकारक आहे.
- तपासणी संमतीशिवाय होत नाही. तपासणीला नकार दिला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.
- मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर तपासणी महिला डॉक्टरने आणि विश्वासाच्या माणसासमोर करायची असते.
- अहवालाची प्रत मागा. त्यात मुलीच्या ‘चारित्र्या’वर शेरा असेल तर वकिलाला दाखवा. तिचा पूर्वेतिहास संमतीच्या प्रश्नात पुरावा होऊ शकत नाही.

आणि उद्या आपल्याच घरातला, मोहल्ल्यातला मुलगा आरोपी झाला तर? मुलीच्या घरी जाऊन दबाव आणणं, समझोत्याची बोलणी करणं हा आपला मार्ग नव्हे. तो गुन्हा आहे आणि गुनाहही. त्याचा खरा हक्क वेगळा आहे. आरोपपत्रातले सगळे कागद मिळणं, प्रयोगशाळेचा अहवाल आणि त्यामागचा तपशील मागणं, आणि अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाला कोर्टात बोलावण्यासाठी अर्ज करणं. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल तो हजर न राहताही पुरावा म्हणून वाचता येतो. म्हणून हा अर्ज वकिलाने वेळेत करायला हवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

दोन्ही वेळा एकच नियम

आपल्या समाजाची अडचण मला इथे दिसते. पीडित आपली असेल तर आपण म्हणतो, खटला नको, आजच फाशी द्या. आरोपी आपला असेल तर म्हणतो, डीएनए खोटा, पोलीस खोटे, मुलगीही खोटी. समोरचे लोकही अगदी हेच करतात, फक्त नावं बदलतात.

आपल्याकडे गवाही ही अमानत मानली जाते, मग ती आपल्याच माणसाच्या विरोधात का असेना. डॉक्टरचा अहवाल, प्रयोगशाळेचा कागद हीसुद्धा गवाहीच आहे. ती खरी आहे की नाही, हे प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. मथुराच्या बाबतीत डॉक्टरला योग्य प्रश्न विचारले गेले असते तर तिची बदनामी टळली असती. खांडव्यात ते वेळेवर विचारले असते तर एका माणसाची अकरा वर्षं वाचली असती आणि एका आईला खोटा दिलासा मिळाला नसता.

म्हणून पुढच्या वेळी व्हॉट्सअॅपवर ‘मेडिकल रिपोर्ट’ फिरू लागला की तो पुढे पाठवू नका. मुलीची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. नमुना कधी घेतला, प्रयोगशाळेत कधी पोहोचला, आणि तज्ज्ञाची उलटतपासणी झाली का? मुलीच्या बाजूने उभे असाल तरी हे विचारा, मुलाच्या बाजूने असाल तरी हेच विचारा.