मस्टरवर नाव नाही तर गेटबाहेर!



२ डिसेंबर २०२५ ला पेण आणि रोह्याच्या नगरपरिषदांचे मतदान झाले. गिरण्या बंद पडल्यावर गावी येऊन राहिलेले आम्ही त्या दिवशी ऐटीत शाळेवर गेलो. टेबलावरच्या पोराने यादी तीनदा चाळली. आईचे नाव होते, वहिनीचे होते, आमचे नव्हते. ते निघाले परळच्या यादीत, कधीच सोडलेल्या खोलीच्या पत्त्यावर!

दोष कुणाचा? आमचाच. मस्टरवर नाव नसले की भोंगा वाजला तरी गेटबाहेर उभे राहायचे, हे बदलीवाल्याला कुणी शिकवायला नको. तोच न्याय इथे. नगरपरिषदेची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेची यादी ठरल्या तारखेला जशी असेल तशी उचलतात आणि प्रभागात वाटतात. या वेळी ती तारीख होती १ जुलै २०२५. राज्य निवडणूक आयोग त्यात नवे नाव घालत नाही. मग नोव्हेंबरात बोंब मारून काय उपयोग?

काही सोबती मुंबईचे नाव मुद्दाम काढत नाहीत. म्हणतात, नाव कटले तर गिरणी कामगारांचे घर बुडेल. अरे बाबांनो, घरासाठी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत काम केल्याचा पुरावा लागतो. तिकीट सांभाळा, फंडाचा कागद सांभाळा. परळच्या यादीतल्या नावाने घर मिळत नाही. आणि दोन ठिकाणी नाव ठेवणे १९५० च्या कायद्याने बंद आहे. जिथे राहतो तिथे एकच नाव.

कुणी म्हणेल, नगरपरिषदेत काय ठेवलंय, खरे राज्य दिल्लीत. आम्हाला हे पटत नाही. नळाला पाणी किती वेळ, गटार कोण उपसणार, घरपट्टी किती, हे दिल्लीवाला ठरवीत नाही. कुंडलिकेच्या एका काठाला रोहे, दुसऱ्या काठाला अष्टमी, पण नगरपरिषद एकच. तिथल्या दिव्याबत्तीचा जाब तिलाच विचारायचा. मुंबईतसुद्धा महापालिकेचे मत गरिबाला फुकट मिळाले नाही. १९४८ च्या निवडणुकीत पहिल्यांदा सगळ्या प्रौढांना मत आले. त्याआधी घरभाडे नि कराचा हिशेब बघत. त्याच मताने १९५७ ला समितीने महापालिका घेतली, आणि पुढच्या साली कामगार चळवळीतले मिरजकर महापौर झाले.

पेण-रोह्याची आधीची निवडणूक २०१६ ची. मुदत कायद्याने पाच वर्षांची, मत मिळाले नऊ वर्षांनी! मधे चारेक वर्षे प्रशासक. ज्याला आपण निवडले नाही त्याला जाब तरी कसला विचारणार? इतक्या वर्षांनी आलेला दिवस आणि आम्ही शाळेच्या दारातून माघारी. नगराध्यक्षाचे एक आणि प्रभागाच्या सदस्यांची वेगळी, अशी एका माणसाची एकाहून जास्त मते वाया गेली.

पत्ता बदलला असेल तर आठ नंबरचा अर्ज, नाव कुठेच नसेल तर सहा नंबरचा. तहसील कचेरीत मिळतो, यादीवाल्या शिक्षकाकडेही देता येतो. राहत्या पत्त्याचा कागद जोडायचा आणि पोच मागून घ्यायची. अठरा पुऱ्या झालेल्या पोरींची नावेही त्याच फेरीत लावा. लग्न होऊन जाईल म्हणून तिचे नाव कुणी लावत नाही, आणि सासरी गेल्यावरही वर्षानुवर्षे तसेच राहते. आमच्या आळीतले अकराजण येत्या सोमवारी कचेरीत जाणार आहेत. तुमच्या आळीतले किती येणार ते कळवा.